तालुका रिकामा, तरी अर्ज बरोबर

एका संस्थेच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती अर्जाची दुरुस्ती माझ्याकडे आली. बऱ्याच मुलांच्या नोंदीत जिल्ह्याच्या जागी चक्क ‘जिल्हा निवडा’ असं सेव्ह झालं होतं. फील्डला रिक्वायर्ड (म्हणजे भरणं सक्तीचं) लावलेलं होतं, तरीही!

कारण कोडमध्ये सापडलं. ड्रॉपडाउनच्या पहिल्या ऑप्शनला व्हॅल्यूच, म्हणजे निवडल्यावर सेव्ह व्हायचा मजकूरच, दिलेली नव्हती. अशा वेळी एचटीएमएल (वेबपानं लिहायची भाषा) ऑप्शनचा दिसणारा मजकूर हीच व्हॅल्यू धरतं, म्हणून ब्राउझरच्या लेखी जिल्हा निवडलेला होता. तिथे रिकामी व्हॅल्यू दिली आणि रिक्वायर्ड कामाला लागलं. काही जण तिथे शून्य ठेवतात, पण ब्राउझरला शून्यही भरलेलंच वाटतं.

खरा घाम काढला तो तालुक्याने. जिल्हा निवडला की त्यातले तालुके खालच्या यादीत यायचे. राज्यातल्या ३६ जिल्ह्यांपैकी मुंबई शहर जिल्ह्यात एकही तालुका नाही. कुर्ला, अंधेरी, बोरिवली हे तालुके उपनगर जिल्ह्यातले. तालुका सक्तीचा असल्यामुळे परळ-गिरगावच्या मुलांचा अर्ज पुढेच सरकेना. सगळ्याच जिल्ह्यांच्या यादीत ‘लागू नाही’ टाकू, असं एकाने सुचवलं. मला ते पटलं नाही. घाईत असलेलं कुणीही तेच निवडून मोकळं होईल.

मग जिल्हा मुंबई शहर असेल तरच तालुक्याचं फील्ड डिसेबल, म्हणजे बंद, केलं. डिसेबल फील्ड ब्राउझर तपासत नाही आणि सर्व्हरला पाठवतही नाही. म्हणजे सर्व्हरला कधी रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) मिळणार, कधी त्या फील्डचं नावच येणार नाही. शिवाय जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या स्ट्रिंगला नंबर केलं की शून्य होतं, आणि शून्य क्रमांकाचा तालुका डेटाबेसमध्ये जाऊन बसतो. म्हणून दोन्हींचं आधी नल (म्हणजे ‘इथे काहीच नाही’ अशी नोंद) करून घेतलं, तपासणी त्यानंतर. नल चालेल फक्त मुंबई शहराला. बाकी सगळीकडे तालुका त्याच जिल्ह्यातला हवा, नाहीतर जिल्हा सातारा आणि तालुका हवेली अशी नोंदही बिनदिक्कत आत जाते. ही तपासणी सर्व्हरवरच हवी, ब्राउझरमधली कुणालाही बंद करता येते.

राहिल्या जुन्या नोंदी. पिनकोडवरून जिल्हा भरून टाकायचा मोह होता, पण एकच पिनकोड दोन जिल्ह्यांत असू शकतो, आणि इथे प्रश्न मुलांच्या शिष्यवृत्तीचा होता. त्या सगळ्यांतला जिल्हा नल केला आणि जिल्हा पुन्हा निवडायचा मेसेज मुलांना पाठवायला लावला.