बाबांच्या नऊ फाइली काही केल्या उतरेनात

तर झालं असं की वारसनोंदीच्या कामासाठी मला बाबांच्या 'शेती' फोल्डरमधले कागद हवे होते. बाबा साताऱ्याला, त्यांच्याकडे विंडोजवाला पीसी आणि स्कॅनर, ते स्कॅन करून क्लाउडवर टाकतात आणि इकडे पुण्यात माझ्या उबुंटूवर (म्हणजे लिनक्सवाल्या लॅपटॉपवर) सिंकचं सॉफ्टवेअर ते आपोआप खाली घेतं. साडेतीनशेच्या वर फाइली आल्या, नऊ येईनात. नवांपुढे लाल फुली आणि खाली एकच वाक्य, डाउनलोड झालं नाही, पुन्हा प्रयत्न करत आहे. दोन दिवस प्रयत्नच करत होतं बिचारं.

मीपण सगळे करतात तेच केलं, वायफाय बंद-चालू, मग मोबाइलचा हॉटस्पॉट, डिस्क बघितली तर ६० जीबी मोकळी, परमिशन बघितल्या, लॉगआउट, लॉगिन. शेवटी वैतागून अकाउंटच काढून परत जोडलं, म्हणजे सगळं पहिल्यापासून डाउनलोड, रात्रभर लॅपटॉप चालू, आणि सकाळी उठून बघते तर त्याच नऊ! खरं तर हे आधीच डोक्यात यायला हवं होतं, नेट गंडलं असतं तर दरवेळी वेगळ्या फाइली अडकल्या असत्या ना.

मग लॉग उघडला, म्हणजे सॉफ्टवेअर आपण काय काय केलं ते लिहून ठेवतं ती फाइल. शेकडो ओळींचा कचरा, पण अडकलेल्या फाइलचं नाव टाकून शोधलं तर प्रत्येक वेळी पुढे तेच, 'फाइल नेम टू लाँग'. एवढंच त्या लाल फुलीखाली लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता बाबांची नावं म्हणजे नावं नसतात, अर्ज असतात. एक नमुना बघा: 'सातबारा उतारा गट नंबर ११२ आजोबांच्या नावाचा जुना तलाठ्यांकडून आणलेला शिक्का नाही म्हणून परत जायचे आहे'. लांब आहे, मान्य. पण मी काना-मात्रा, स्पेस, शेवटचं डॉट पीडीएफ सगळं धरून मोजलं तर १०५ भरलं आणि फाइलच्या नावाची मर्यादा २५५ ची, मग लांब कसं?

इथे माझा अर्धा तास गेला. गंमत अशी की बाबांच्या विंडोजवर ती २५५ अक्षरांमध्ये मोजतात आणि माझ्या लिनक्सच्या एक्सटी४ डिस्कवर (एक्सटी४ म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) बाइटमध्ये. इंग्रजी अक्षर एक बाइट, पण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं. 'तलाठ्यांकडून' मधलं नुसतं 'ठ्यां' घ्या, आपल्याला एक अक्षर दिसतं, आत ठ, हलन्त, य, काना, अनुस्वार अशी पाच चिन्हं, १५ बाइट! सातबाऱ्याचं ते अख्खं नाव टर्मिनलमध्ये टाकून मोजलं तर २७७ बाइट. बावीस बाइटनी नापास. म्हणूनच 'लाईट बिल' वगैरे छोटी मराठी नावं मुकाट्याने उतरली होती.

तरी एक फाइल २४७ बाइटचीच होती, ती का अडली? लॉगमध्ये नीट बघितल्यावर कळलं की हे सॉफ्टवेअर डाउनलोड चालू असताना फाइलला तात्पुरतं नाव देतं, मूळ नावाच्या पुढेमागे आणखी काहीतरी चिकटवून, आणि तिथे ती २५५ ओलांडत होती. म्हणजे काठावरचीही नकोत.

ब्राउझरमधून क्लाउडवरच एकीचं नाव बदललं, 'सातबारा गट ११२ जुना', आणि मिनिटभरात हिरवी टिक. उरलेल्या आठांची नावं बदलायच्या आधी बाबांना फोन केला, न विचारता बदललं तर त्यांना सापडणार नाही.

"बाबा, नावं जरा छोटी ठेवा ना, माझ्याकडे उतरत नाहीत."

"अगं मग शिक्का नाही हे कळायचं कसं? मागच्या वेळी तोच कागद घेऊन दोन हेलपाटे झाले माझे."

मुद्दा बरोबर होता. शेवटी असं ठरवलं की फाइलचं नाव चार-पाच शब्दांचं आणि बाकीचं सगळं त्याच फोल्डरमध्ये 'आधी वाच' नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं. काल संध्याकाळी ती सिंक होऊन आली, उघडली तर पहिलीच ओळ: गट ११२ वर शिक्का नाही, परत जायचे आहे, आणि येताना मुलीला सांगणे की स्कॅनरची शाई संपली असे दाखवतो आहे.

आता स्कॅनरला शाई कशाला लागते, ते बघायला रविवारी साताऱ्याला जातेय.