आमची वाटचाल: सागवानाच्या सोबतीनं

आमच्या वर्कशॉपची सुरुवात एक करवत, दोन रंधे आणि वडिलांचं नाव एवढ्या भांडवलावर झाली. वडील सुतार. दाराची चौकट करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. मी काम हाती घेतलं तेव्हा सागवान म्हणजे सगळ्यात भारी लाकूड, इतकंच मला ठाऊक होतं. भारी का, ते नुकसान सोसून शिकलो.

तिसऱ्या वर्षी एका घराची चौदा दारं केली. 'पूर्ण वाळलेला माल' म्हणून मिळालेल्या फळ्या आम्ही न तपासता घेतल्या. पावसाळा सरला, हवा कोरडी झाली, पॅनेल आकसली आणि त्यांच्या कडेनं बिनपॉलिशची पट्टी डोकावू लागली. दोन दारं तर पिळली. सगळी स्वखर्चानं बदलून दिली, त्या वर्षी हाती काही उरलं नाही.

सागवान इतर कठीण लाकडांच्या मानानं कमी फुगतं-आकसतं, हे खरंच. पण ओल्याचं पूर्ण कोरडं होईपर्यंत ते वलयांच्या दिशेनं ५ ते ६ टक्के आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे त्याच्या जवळपास निम्मंच. दोन दिशांचा हा फरक फळीला वाकवतो. तेव्हापासून ओलावा मोजायचं मीटर आमच्या खिशातच असतं. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी सावलीत रचतो, टोकांना रंग लावतो आणि आकडा १२ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय रंधा लावत नाही. गिऱ्हाईक घाई करतं, तरीही नाही.

दुसरा धडा वडिलांच्या बरोबरीच्या एका मिस्त्रींनी दिला. "अरे, हा सालीलगतचा पांढरा भाग वाळवीचा खाऊ आहे, चौकटीत घालू नकोस." टिकतो तो गाभा. त्यात तेल असतं, रबरासारखा पदार्थ असतो आणि वाळवीला न मानवणारी टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात. शिवाय गाभ्यात ठोकलेलं लोखंड सहजासहजी गंजत नाही. जहाजं बांधणाऱ्यांना सागवान प्रिय होतं ते यामुळेच. मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्यानं मलबारी सागवानातून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. नवीन कारागीर आला की हे मी त्याला आवर्जून सांगतो.

जे तेल लाकूड वाचवतं, तेच सांध्याला नडतं. डिंक नीट धरत नाही. म्हणून रंधा मारल्यावर लगेच, थिनरनं पुसून सांधे बसवायचे. सागवानात सिलिकाही असते, त्यामुळे साधं पातं लवकर बोथट होतं. आम्ही जास्त टिकणारी कार्बाइडची पाती घेतली ती बरीच उशिरा, आधीच घ्यायला हवी होती. भुशानं कातडीला खाज सुटते, म्हणून मास्क आणि लांब बाह्या सक्तीच्या.

१ एप्रिल २०१४ पासून म्यानमारनं, म्हणजे पूर्वीच्या बर्मानं, ओंडक्यांची निर्यात बंद केली. मोठ्या घेराचा बर्मा माल दुर्मीळ झाला. आलापल्ली-बल्लारशाकडचं सागवान उत्तम, पण मोजकंच. लागवडीतल्या कोवळ्या झाडांत पांढरा भाग जास्त. मग आम्ही जुन्या इमारतींच्या तुळयांकडे वळलो. कित्येक दशकं वाळलेलं लाकूड, वरून काळं, आत मात्र चामड्यासारखा तोच वास! आधी खिळे शोधायला मेटल डिटेक्टर फिरवतो, मगच चिरतो. आज आमचं निम्मं काम याच लाकडात चालतं आणि मला ते सगळ्यात आवडतं.

एक तक्रार अजून येते. नवीन चिरलेली फळी हिरवट, काळ्या रेघांची दिसते आणि माणसाला वाटतं आपल्याला हलका माल दिला. मग आम्ही त्याच फळीचा एक तुकडा त्याला घरी देतो, थोडे दिवस उन्हात ठेवायला सांगतो. तो सोनेरी होतो.