जाहीरनाम्यातली झाडे आणि सभागृहातली झाडे

निवडणूक संपली की दाराशी साठलेली प्रचारपत्रके बहुतेक घरांतून रद्दीत जातात. मी ती एका फायलीत लावून ठेवतो, कारण त्याच उमेदवाराचे नवे पत्रक जुन्याशेजारी ठेवून वाचण्यात वेगळेच शिक्षण असते. यंदा फाईल उघडली तेव्हा जुनी पत्रके पिवळी पडली होती. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले, परंतु त्यांपैकी अनेक ठिकाणी मागची निवडणूक २०१७ मधली होती आणि काही शहरांत तर २०२० पासून लोकनियुक्त सभागृहच नव्हते. जुन्या पत्रकात पर्यावरणाचा परिच्छेद विरंगुळा केंद्र आणि व्यायामशाळा यांच्या खाली होता. नव्या पत्रकात तो वर सरकला आहे आणि त्याला हिरवी चौकटही मिळाली आहे. चौकटीतला मजकूर मात्र ‘स्वच्छ, सुंदर, हरित प्रभाग’ या तीन विशेषणांच्या पुढे फारसा गेलेला नाही.

उमेदवाराचे पर्यावरणविषयक धोरण या चौकटीत शोधूच नये, अशा मताला मी आता आलो आहे. रस्ते, पावसाळी गटारे, विकास आराखडा आणि अंदाजपत्रक या मथळ्यांखाली तो जे लिहितो, आणि त्याहून अधिक म्हणजे जे लिहायचे टाळतो, त्यात ते धोरण असते. उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती द्यावी लागते. नदी, टेकडी किंवा कचरा यांविषयी एक ओळही लिहिण्याचे बंधन नाही. याउलट कायद्याने या विषयांत महापालिकेला दिलेले स्थान काही लहान नाही. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत जी बारावी अनुसूची आली, तिच्यातील अठरा विषयांत नगर नियोजन, जमीन वापराचे नियमन, घनकचरा व्यवस्थापन, तसेच नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे संरक्षण हे विषय स्पष्टपणे नोंदलेले आहेत. ‘हे आमच्या हातात नाही’ हे दाराशी हमखास ऐकू येणारे उत्तर म्हणूनच अर्धेच खरे असते.

झाडांचे उदाहरण घेऊ, कारण आश्वासनांत सर्वांत जास्त संख्या त्यांचीच असते. ‘इतके हजार वृक्ष लावू’ असे सांगणारा उमेदवार ‘इतके वृक्ष तोडायला संमती देणार नाही’ असे कधी म्हणत नाही. वास्तविक नगरसेवकाचा खरा अधिकार या दुसऱ्या वाक्यात आहे. नागरी क्षेत्रातील झाडांसाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखालील वृक्ष प्राधिकरणात नगरसेवक सदस्य म्हणून बसतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला प्राचीन वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. म्हणजे साठ वर्षांचा वड गेला तर साठ रोपे. हिशेब कागदावर चोख दिसतो. पण झाडाचे वय कोण ठरवणार, ती साठ रोपे कुठल्या जागेवर लागणार आणि तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांना पाणी कोण घालणार, हे तीन प्रश्न प्राधिकरणाच्या बैठकीत कुणी तरी विचारावे लागतात. यंदा दाराशी आलेल्या एका उमेदवाराला मी विचारले की, निवडून आलात तर वृक्ष प्राधिकरणावर जाण्यासाठी नाव द्याल का? त्यांनी शेजारच्या कार्यकर्त्याकडे पाहिले. कार्यकर्त्याने ‘साहेब सगळ्या समित्यांवर असतील’ असे उत्तर दिले आणि मंडळी पुढच्या दाराकडे वळली. मला त्या उमेदवाराचा राग आला नाही. प्रश्नच त्यांना नवा होता, इतकेच.

विकास आराखड्याचा विषय याहून गंभीर आहे आणि प्रचारात तो जवळपास कधीच येत नाही. उद्यान, क्रीडांगण, नाल्यालगतचा हरित पट्टा ही सर्व आराखड्यातली आरक्षणे असतात, आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार ती बदलताही येतात. कलम ३७ खाली महापालिका फेरबदलाचा प्रस्ताव करते, सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवते आणि प्रस्ताव मंजुरीसाठी राज्य शासनाकडे धाडते. याला कायद्याच्या भाषेत ‘किरकोळ फेरबदल’ म्हणतात. मुलांच्या खेळाचे मैदान जेव्हा अशा फेरबदलात जाते, तेव्हा ते किरकोळ कुणाच्या दृष्टीने, हा प्रश्न मला नेहमी पडतो. दुसरा मार्ग त्याहून शांत आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली गेली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत महापालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. यात कुणाला मत द्यावे लागत नाही, भाषण करावे लागत नाही. अंदाजपत्रकात भूसंपादनासाठी तरतूद न करणे एवढे पुरते. दरवर्षी बाकडी, नामफलक आणि पेव्हिंग ब्लॉक यांना पैसे मिळतात आणि उद्यानाच्या जागेला मिळत नाहीत, तेव्हा तेही एक पर्यावरण धोरणच असते. फक्त ते जाहीरनाम्यात छापलेले नसते. ज्या झाडाच्या बुंध्यापर्यंत ते ब्लॉक भिडतात, त्याची गोष्ट आणखी निराळी.

नद्यांविषयी मात्र सर्व पक्ष भरभरून बोलतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशभरात ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर उतरला आणि आपल्या राज्याचा ५५ वर चढला. दोन्ही वेळा आपण पहिल्या क्रमांकावर होतो. याचे मोठे कारण कारखान्यांपेक्षा घरातल्या मोऱ्या आणि संडास यांच्यातून निघणाऱ्या मैलापाण्यात आहे. याच मंडळाच्या २०२१ च्या माहितीनुसार देशातील शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते, प्रक्रिया केंद्रांची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आहे आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती केवळ २०,२३६ दशलक्ष लिटरवर. या शेवटच्या दोन आकड्यांमधली दरी मला अधिक बोलकी वाटते, कारण तिथे केंद्र बांधण्याचा खर्च झालेला आहे, उद्घाटनाची फीत कापली गेली आहे, आणि तरीही पाणी केंद्रापर्यंत पोहोचत नाही किंवा पोहोचलेले पाणी स्वच्छ होण्याआधीच पुढे जाते. मलवाहिन्या अपुऱ्या असतात, जुन्या वस्त्यांचे मैलापाणी थेट ओढ्यात उतरते, पंप बंद राहतात. नदीकाठावर फरसबंदी आणि दिवे लावण्याचे आश्वासन देणाऱ्या उमेदवाराला म्हणूनच एकच गोष्ट विचारावी: आपल्या प्रभागातील किती घरांची मलवाहिनी मुख्य वाहिनीला जोडलेली आहे? हा आकडा ज्याला ठाऊक आहे त्याचे मत काठाच्या सुशोभीकरणाविरुद्ध असो वा बाजूने, मी त्याचे पुढचे बोलणे ऐकून घेईन.

ओढ्यानाल्यांचेही तसेच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने माणसांचे जीव घेतले. दोन्ही बाजूंनी आवळलेला प्रवाह मोठ्या पावसात काय करतो, हे त्या रात्री सर्वांनी पाहिले. असे असूनही ‘नाला बंदिस्त करून रस्ता करू’ हे वाक्य आजही विकासकामांच्या यादीत अभिमानाने छापले जाते, आणि त्याच पत्रकाच्या मागच्या पानावर पूरमुक्त प्रभागाचे वचन असते. पान उलटण्याइतका वेळ काढला तर ही विसंगती कुणालाही दिसावी.

या साऱ्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मतदारयादीच्या बाहेरची आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांचे सांडपाणी मुळा-मुठा आणि पवना यांच्या पात्रांतून भीमेत व पुढे उजनी जलाशयात जाते, आणि सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते. पुण्याच्या नगरसेवकाने मलनिस्सारणावर काय भूमिका घ्यावी, यात सोलापूरच्या माणसाचा जीव गुंतलेला आहे; पण त्याचे मत पुण्याच्या यंत्रात पडत नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथे पडत राहिला, तेव्हाही त्या गावांना पुण्याच्या सभागृहात मत नव्हते. ज्याला त्रास होतो तो मतदार नाही आणि जो मतदार आहे त्याच्या दारासमोर रस्ता झाडलेला आहे, अशी ही रचना असल्यामुळे, ओला आणि सुका कचरा प्रभागातच जिरवण्याविषयी कुणी उमेदवार ठोस बोलला तर त्यात त्याचा निवडणुकीपुरता काहीच फायदा नसतो. म्हणून मी अशा बोलण्याला जास्त गुण देतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण घरातच करणे बंधनकारक केले, हे सांगून मतदारांकडूनही काही मागणारा एक तरी कागद मला फायलीत हवा होता. तो मिळाला नाही.

हवेविषयी थोडक्यातच सांगतो. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला आणि महाराष्ट्रातील डझनभराहून अधिक शहरे त्यात आहेत. त्याखाली मिळालेला निधी कशावर खर्च झाला, हे सभागृहात विचारता येते. प्रचारात ते विचारलेले मी ऐकले नाही.

प्रशासकांच्या काळात सभागृह नसल्यामुळे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता. आता सभागृह परत आले आहे, मात्र मुंबई वगळता बहुतेक ठिकाणी एका प्रभागाला चार-चार नगरसेवक असल्याने तुंबलेल्या नाल्याचे उत्तर नेमके कोणी द्यायचे, हा गोंधळ राहणारच. २००९ साली कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद झाली, नगरसेवकाने मतदारांसमोर बसून बोलावे म्हणून. मी आजवर एकाही क्षेत्रसभेचे निमंत्रण पाहिलेले नाही.

आमच्या प्रभागातून निवडून आलेल्या चौघांची पत्रके मी फायलीत सर्वांत वर ठेवली आहेत. महापालिका अधिनियमाच्या कलम ६७अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरण सद्यस्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. मागच्या सभागृहात तो एका बैठकीत चर्चेविना दाखल करून घेतलेला मी प्रेक्षक सज्जातून पाहिला आहे. यंदाच्या बैठकीलाही मी जाणार आहे, आणि चौघांपैकी कोणी त्या अहवालाचे पान उलटतो का, ते पाहून फायलीत तारखेसह लिहून ठेवणार आहे.