तुम्ही विचारलंत म्हणून: यात बघायचं काय?

आमच्या फिल्म सोसायटीत ‘उसकी रोटी’ दाखवला की खेळ संपल्यावर कुणीतरी मला दारातच गाठतं. ‘दोन तास होत आले, बाई नुसती उभी. यात बघायचं काय?’ प्रश्न चिडून आलेला असला तरी मला तो मोलाचा वाटतो, कारण विचारणारा शेवटपर्यंत बसलेला असतो.

गोष्ट एवढीशी. पंजाबातली बालो बस ड्रायव्हर नवऱ्यासाठी रोट्या घेऊन रस्त्यावर त्याच्या गाडीची वाट बघते. एक दिवस तिला उशीर होतो, नवरा रागावतो आणि तिचं वाट बघणं लांबत जातं. मोहन राकेश यांच्या कथेवरून मणी कौल यांनी १९६९ मध्ये हा सिनेमा केला, फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेच्या पैशावर. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडून त्यांना जेमतेम तीन वर्षं झाली होती.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्याही हाती काही लागलं नव्हतं. नंतर कळलं की कॅमेरामन के. के. महाजनांनी तो दोनच लेन्सवर चित्रित केलाय, रुंद दृश्य टिपणारी २८ एमएम आणि लांबचं जवळ आणणारी १३५ एमएम. एक बालोच्या प्रत्यक्ष जगण्यासाठी, दुसरी तिच्या मनातल्यासाठी. आणि शेवटाकडे ही वाटणी चक्क उलटते.

वाचून समाधान होईना. मित्राचा जुना कॅमेरा आणि त्या मापाच्या दोन लेन्स मागून घेतल्या आणि एसटी स्टँडवर गेलो. बाकावर एक आजी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. त्यांना विचारून २८ने फोटो काढला: आजी, फलाट, गाड्यांच्या वेळांचा फलक, पार मागचा रसवंतीवाला, सगळं लख्ख. मग थोडं मागे जाऊन १३५ लावली. आता फक्त आजींचा चेहरा आणि पिशवीवरची बोटं. मागे उभी असलेली लाल गाडी नुसता तांबडा डाग झाली होती. बाई तीच, बाकही तोच. पण दुसऱ्या फोटोत त्या स्टँडवर नव्हत्याच, स्वतःच्या विचारात कुठेतरी होत्या.

एरवी सिनेमात आठवण किंवा स्वप्न सुरू झालं की आपल्याला तसं सांगितलं जातं. संगीत बदलतं, पडदा धूसर होतो. इथे कुणी सांगत नाही. बस खरंच आली की बालोला नुसतं तसं वाटलं, हे तिच्या मागची झाडं किती स्पष्ट दिसताहेत यावरून आपण ताडायचं, आणि लेन्सची वाटणी उलटली की तोही आधार सुटतो. फार वेळ वाट बघणाऱ्या माणसाचं असंच होतं ना? रस्त्यावर धूळ उडाली की गाडीच आली असं वाटतं.

त्या दिवशी स्टँडवर एक गाडी लागली, गर्दी धावली, पण आजी उठल्या नाहीत. पाटी वाचण्यापुरती मान वर केली आणि पुन्हा पिशवीवरची गाठ चाचपत बसल्या. हे माझ्या दोन्ही फोटोंत नाही, येणारही नाही. त्याला वेळ लागतो. मणी कौलांनी तो दिला, म्हणून बालो इतका वेळ उभी आहे.