महाराज, आजचा दृष्टांत कुठल्या सिरियलमधला?

आमच्या गावाकडं सप्ताह बसला की रात्री नऊ ते अकरा कीर्तन असतं आणि मी मागं टाळ घेऊन उभा राहणाऱ्यांपैकी एक. टाळकऱ्याचा फायदा असा की त्याला महाराजांची पाठ दिसते आणि पब्लिकची तोंडं दिसतात, त्यामुळं कुठल्या वाक्याला पुढची आजी खुदकन हसली आणि कुठल्या वाक्याला पारावरच्या पोरांनी मोबाइल खाली ठेवला हे आम्हाला महाराजांच्या आधी कळतं. आणि खरं सांगू का, माया, वैराग्य, ब्रह्म असं सुरू झालं की माना डुलतात पण त्या भक्तीनं डुलतायत की झोपेनं ते सांगता येत नाही. महाराज नुसतं "परवा त्या सिरियलमध्ये काय झालं" एवढं म्हणू देत, अख्खा मंडप ताठ.

मी ऐकलेला सगळ्यात भारी दृष्टांत सिरियलचाच आहे. महाराज म्हणाले, माउली, तुमच्या त्या मालिकेतली सून सोमवारी वेगळीच बाई झाली की नाही? खाली पट्टी आली, यापुढे ही भूमिका अमुक अमुक साकारतील. नवरा तोच, सासू तीच, मंगळसूत्र तेच, कालचं अर्धवट राहिलेलं भांडण पण तिथूनच पुढं चालू, आणि घरातल्या एकानंही विचारलं नाही की बाई तुझं तोंड कसं बदललं! बायका पदर तोंडाला लावून हसतायत, हसतायत, आणि तेवढ्यात महाराजांनी हात वर केला आणि ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायातली ओवी टाकली, जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे, मग नूतन वेढिजे. गीतेत देव अर्जुनाला जे सांगतो ना, कपडा बदलावा तसा आत्मा देह बदलतो, तेच. भूमिका चालू, कलाकार नवीन. मी टाळ वाजवायचाच विसरलो, शेजारच्यानं कोपर मारलं.

दुसरा हप्त्यांचा. संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे तीन शब्द मी लहानपणापासून ऐकतोय आणि कधी नीट डोक्यात शिरले नव्हते. संचित म्हणजे जन्मोजन्मीचं मिळून साठलेलं कर्ज, प्रारब्ध म्हणजे त्यातला या जन्मी सुरू झालेला हप्ता, आणि क्रियमाण म्हणजे हप्ता चालू असतानाच कार्ड घासून घरी आणलेला नवा टीव्ही. बास, शिरलं. देवाला ब्लू टिक आली पण रिप्लाय नाही हा जोक मात्र आता बंद करा कुणीतरी, प्रत्येक सप्ताहात येतो.

आता जुनी मंडळी नाक मुरडतात, म्हणे कीर्तनाचा तमाशा केला, आमच्या वेळी असं नव्हतं. आमच्या वेळी म्हणजे नेमकं कधी? तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी रोजच्या जगण्यातल्या गोष्टी सांगत होते, केसोबासांनी त्या दृष्टांतपाठ नावाच्या ग्रंथात गोळा केल्या. सावता माळ्याला कांदा, मुळा, भाजीत विठाई दिसली. आणि एकनाथ महाराज तर काय विचारूच नका, सोळाव्या शतकात गल्लीतून जे जे फिरत होतं ते सगळं त्यांनी उचललं, वासुदेव, गोंधळी, जोशी, जोहार घालणारा. म्हणजे त्या काळची पॉप्युलर करमणूकच ती. त्यांच्या त्या भारुडातली सून बघा, भवानीआईला रोडगा कबूल करते आणि मागते काय, तर सासरा गावाला गेलाय तर तिकडंच खपू दे, सासूला लवकर उचल, आणि शेवटी सगळेच जाऊ दे, मला एकलीला राहू दे. आजच्या कुठल्या चॅनलची हिंमत आहे हे दाखवायची? आणि वर अर्थ काय, तर ही सगळी माणसं म्हणजे आपल्याच आतले विकार, ते गेले की जीव मोकळा. गाडगेबाबा तर दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे, तेही साध्या वऱ्हाडी बोलीत.

फरक एकच आहे आणि तो मला मागं उभं राहून दिसतो. वारकरी कीर्तनात प्रमाण लागतं. महाराज काहीही बोलू देत, क्रिकेट, इलेक्शन, ब्युटी पार्लर, पण फिरून घेतलेल्या अभंगाच्या चरणावर यायचं आणि संतांचं वचन द्यायचं, ते दिलं की आम्ही मागून उचलतो, मृदंग कडाडतो आणि हसणारी माणसं टाळ्या वाजवायला लागतात. ज्या नाथांनी ती सून रंगवली त्यांनीच लिहून ठेवलंय की जेणेकरून श्रीहरीची मूर्ती अंतरी ठसेल तीच संतांच्या घरची कीर्तनमर्यादा. जोक करा ना, पण घरी परत या. काहीजण जोकमध्येच मुक्काम करतात. बायकांच्या नखांवर, गाऊनवर, जीन्सवर वीस मिनिटं, आणि मंडपात निम्म्याहून जास्त बायकाच बसलेल्या, ज्यांनी सकाळपासून त्याच सप्ताहाच्या पोळ्या लाटल्यात. मला नाही हसू येत. त्यात यूट्यूबवाले दोन तासांच्या कीर्तनातला एक मिनिटाचा जोक कापून टाकतात, प्रमाण बरोबर कात्रीत जातं, मग लोकांना वाटतं कीर्तन म्हणजे एवढंच.

हे सगळं मला इतकं डोक्यात बसलंय कारण माझा भाचा महाराज आहे. आळंदीला शिकला, जोग महाराजांनी 1917 साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत, अभंग पाठ, ज्ञानेश्वरी पाठ, पण वय लहान आणि जग बघितलेलं कमी, त्यामुळं दृष्टांत पुरवायचं काम माझ्याकडं. एरवी दिवाळीला माझ्या पाया पडतो, सप्ताहात मी त्याच्या पडतो, त्याची आई लांबून बघून गालात हसते.

परवा त्याचा फोन, मामा काहीतरी नवीन द्या ना, चार्जर आणि रेंज ऐकून लोक कंटाळलेत. मी म्हटलं घे, दहा मिनिटांत डिलिव्हरी. आपण दूध मागवतो आणि अकराव्या मिनिटाला जीव खालीवर होतो, मॅपवर त्या पोराची गाडी बघत बसतो, आणि इकडं पांडुरंग बघ, पुंडलिकानं थांब म्हटलं तर युगे अठ्ठावीस विटेवर उभा. प्रमाण आरतीतलंच, सगळ्यांना पाठ. मी एकदम खूश.

तो म्हणाला, "मामा, भारी आहे, पण ज्या गावाला जायचंय तिथं कुरिअरवाला पण आत येत नाही, फाट्यावरनं फोन करतो, या आणि घेऊन जा. दहा मिनिटं कुणाला कळणार?"

"अरे मग तेच सांग की! देवानं फाट्यावरनं फोन नाही केला. थेट पुंडलिकाच्या दारात आला."

"थांबा थांबा, वही घेतो."