नॅशव्हिलच्या त्या स्टुलावर

अमेरिकेतल्या नॅशव्हिलला लोक गाणी ऐकायला येतात. मला मात्र चर्च स्ट्रीटवरचं सार्वजनिक ग्रंथालय बघायचं होतं. तिथे दुसऱ्या मजल्यावर काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीची एक खोली आहे. दुकानांमध्ये बसून खायचे जे लंच काउंटर असत, त्यांची आठवण म्हणून एक काउंटर, पुढे स्टुलं, आणि काउंटरवर दहा नियम लिहिलेले. 1960 साली 'फक्त गोऱ्यांसाठी' असलेल्या काउंटरवर जाऊन बसणाऱ्या विद्यार्थ्यांना दिलेले.

त्यातला एक नियम: ताठ बसा, तोंड कायम काउंटरकडे ठेवा. वाचायला किती सोपा! मी स्टुलावर बसले, समोर बघत राहिले. पाठ टेकायला काही नाही, आणि मागून कोण येतंय ते अजिबात दिसत नाही. 27 फेब्रुवारीला मागून गोऱ्या पोरांची टोळकी आली. खाली खेचलं, मारलं, पेटत्या सिगारेटी पाठीवर विझवल्या. पोलिसांनी धरलं ते मार खाणाऱ्यांना. एक तुकडी गाडीत कोंबली की दुसरी मुकाट्याने रिकाम्या स्टुलांवर येऊन बसायची. त्या दिवशी 81 जणांना अटक झाली.

एवढं सोसायची ताकद अशीच येत नाही. त्याची रीतसर तालीम झाली होती. जेम्स लॉसन हे तरुण धर्मोपदेशक चर्चच्या तळघरात पोरांना एकमेकांवर खेकसायला, ढकलायला, तोंडावर धूर सोडायला लावत. समोरच्याने हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही. डायान नॅश, जॉन लुईस ही तिथलीच पोरं, विशीच्या आसपासची. लॉसन स्वतः शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने पुढे याच कामापायी त्यांना काढून टाकलं.

आणि हे लॉसन आमच्या नागपुरात राहून गेलेले! कोरियन युद्धाच्या काळात सैन्यभरती नाकारून त्यांनी तुरुंग भोगला, मग 1953 ते 1956 हिस्लॉप कॉलेजात काम केलं आणि गांधीजींचा सत्याग्रह समजून घेतला. माँटगोमेरी शहरातल्या काळ्या लोकांनी भेदभावाविरुद्ध बसवर घातलेल्या बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली तीही नागपूरच्या वर्तमानपत्रात. माझं बालपण सिव्हिल लाइन्समध्ये गेलं, पण हे मला कुणीच कधी सांगितलं नाही. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी कोर्टाच्या इमारतीपर्यंत चालत गेले. 19 एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब पडला, आणि त्याच दिवशी हजारो माणसं घोषणा न देता इथवर चालत आली. नॅशने महापौर बेन वेस्ट यांना सगळ्यांसमोर विचारलं, नुसत्या रंगावरून माणसात भेद करणं चूक आहे ना? ते म्हणाले, हो. 10 मेला सहा दुकानांच्या काउंटरवर काळ्या गिऱ्हाइकांना खायला मिळालं.

पायऱ्यांवर बसून घरी फोन लावला. नागपुरात पहाट झाली होती, बाबा उठलेलेच होते. ते हिस्लॉपचेच विद्यार्थी. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कोणत्या वर्गात बसायचे गं ते?"