इचिरो एवढा तयार कुठून आला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. मी बेसबॉल बघतो हे कळलं की क्रिकेटवाली मंडळी, विशेषतः 2025 ला तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेल्यापासून, हमखास विचारतात की हा इचिरो सुझुकी 2001 ला सिअ‍ॅटल मरिनर्स या अमेरिकन टीमकडे आला काय, पहिल्याच सीझनला 242 हिट्स (बॉल मारून सुखरूप बेस गाठला की हिट) मारून एमव्हीपी म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि रूकी ऑफ द इयर म्हणजे सर्वोत्तम नवखा, दोन्ही घेऊन गेला काय, एवढा तयार माणूस येतो कुठून?

कोबेहून येतो. आणि तिथे पहिली दोन वर्षं त्याला मेन टीममध्ये धड जागाच नव्हती.

1991 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कोबेच्या ओरिक्स ब्लूवेव्हने त्याला घेतलं ते चौथ्या फेरीत. शाळेत तो पिचर, म्हणजे आपल्याकडचा बॉलर, होता, अंगाने अगदीच किडकिडीत. लहानपणापासून वडिलांनी रोज मैदानावर पिदडून घेतलेला, मूळचा उजवा पण बॅटिंग डावखुरी, कारण डावखुऱ्याला फर्स्ट बेस एक-दोन पावलं जवळ पडतो. सिक्सर मारणारा गडी नव्हेच हा, बॉल कुठेतरी रिकाम्या जागेत ढकलायचा आणि सुटायचं.

मॅनेजर होते शोझो डोई. योमिउरी जायंट्सनी सलग नऊ वर्षं जपान सिरीज, म्हणजे तिथली फायनल, जिंकली त्या टीममधले, म्हणजे जुन्या शिस्तीचे. त्यांना या पोराचा स्विंग पटला नाही. 1993 ला मेन टीममध्ये 43 मॅचेस मिळाल्या, अ‍ॅव्हरेज .188, म्हणजे पाच वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर एक हिटही पुरती पदरात नाही. त्याच वर्षी करिअरमधली पहिली होमरन मारली ती साक्षात हिदेओ नोमोला, त्या काळच्या नावाजलेल्या पिचरला, आणि तरीही परत खाली फार्म टीममध्ये, म्हणजे राखीव टीममध्ये, रवानगी.

गोष्ट सांगणारे इथे डोईंना व्हिलन करतात. मला नाही पटत. .188 वर खेळणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला कुठलाही मॅनेजर बाहेर बसवेल, आणि खरं सांगायचं तर खाली गेला हेच बरं झालं, कारण तिथे बॅटिंग कोच केनिचिरो कावामुरा होते आणि त्यांच्याबरोबर त्याने तो लंबक स्विंग घडवला. पुढचा उजवा पाय उचलून मागे झोकायचा, मग पुढे आणायचा, अंगाचं सगळं वजन बॉलच्या दिशेने जातं आणि बॉल लागतो तेव्हा माणूस फर्स्ट बेसकडे निघालेलाच असतो. पुस्तकी कोचिंग याच्या बरोब्बर उलटं, वजन मागे ठेवा म्हणतं. असले प्रयोग वरच्या टीममध्ये रोज स्कोअरबोर्डकडे बघत कोण करू देणार?

1994 ला मॅनेजर बदलले, अकिरा ओगी आले. हे आधी किन्तेत्सू टीमचे मॅनेजर होते, नोमो तिथे पाठ फिरवून बॉल टाकायचा ती विचित्र अ‍ॅक्शनही यांनी बदलायला लावली नव्हती. त्यांनी इचिरोला रोज खेळवलं, शिवाय जर्सीवरचं आडनावच काढून नुसतं इचिरो ठेवलं. सुझुकी म्हणजे आपल्याकडचे पाटील हो, गल्लीत चार निघतील. गंमत म्हणजे त्याच वेळी टीममधल्या सातोचं नावही बदलून पंच केलं होतं, त्याच्या केसांच्या स्टाइलवरून, म्हणजे एकूण प्रकार थोडा पब्लिसिटीचाच. सातो त्या वर्षानंतर रिटायर झाला. इचिरोने 130 मॅचेसच्या सीझनमध्ये 210 हिट्स मारल्या, जपानमध्ये तोवर कुणी 200 पण गाठल्या नव्हत्या. अ‍ॅव्हरेज .385. मग 2000 पर्यंत सलग सात वर्षं लीगचं बॅटिंग टायटल त्याच्याकडेच. मधे 1995 च्या जानेवारीत कोबेला तो भयंकर भूकंप झाला, त्याच वर्षी टीमने बाहीवर ‘गानबारो कोबे’ (कोबे, खचायचं नाही) लावून पॅसिफिक लीग जिंकली आणि 1996 ला जायंट्सना हरवून जपान सिरीजही.

तर असा माणूस 27 व्या वर्षी, जपानमधल्या 1,278 हिट्स खिशात घालून, अमेरिकेत ‘रूकी’ म्हणून उतरला. नियमात बसतं, पण समोरच्या पिचर्सची मला दयाच येते.

आणि फक्त बॅटिंग बघू नका. 11 एप्रिल 2001, ओकलंडची मॅच, टेरेन्स लाँग फर्स्टवरून थर्डला निघाला आणि राइट फिल्डमधून याचा थ्रो सरळ थर्ड बेसवाल्याच्या ग्लव्हमध्ये, आउट. ऑनलाइन आहे, शोधा. मी सांगितलं ना, शाळेत पिचर होता.